उजव्या हाताची खुर्ची

रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की अशाबी सगळ्यात आधी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली शिरायची. समोर कुणी नसायचं. तीन रिकाम्या खुर्च्या, एक चटई, आणि मागे रंगवलेला पडदा. कॅमेऱ्याच्या काचेवर ते सगळं उलटं दिसायचं. खुर्च्या छताला टांगलेल्या, चटई वर, आभाळ खाली. शेजारच्या बाईच्या चवळीच्या भज्यांचा पहिला घाणा तळून होईपर्यंत ती ते बघत राहायची. मग कापड मागे टाकून म्हणायची, "चला, सगळं जागच्या जागी आहे."

ओशोग्बो गावाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. ही कला तिने मामाकडून उचलली होती. लासिसीमामाला मुलगा नव्हता आणि अशाबीला धीर होता, तेवढ्यावर जमलं. बाईमाणूस फोटो काढते म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हिच्याकडे काढलेल्या फोटोवरून घरी भांडणं होत नाहीत. तेव्हापासून गावोगावची कुटुंबं तिच्याकडे येऊ लागली.

कारण फोटो काढणं सोपं असतं, माणसं बसवणं अवघड. घरधनी मधे. हातांचे पंजे गुडघ्यांवर, झग्याचा घेर असा पसरलेला की खुर्ची दिसू नये, आणि दोन्ही पावलं पुरती दिसलीच पाहिजेत. त्याच्या उजव्या हाताला थोरली बायको, डाव्या हाताला धाकटी. पोरं चटईवर. नवऱ्याची टोपी नीट करते ती धाकटी आणि "ताठ बसा" म्हणते ती थोरली, हे अशाबी कुणी न सांगता ओळखायची.

"जरा सरक, माझी बाही झाकली जातेय."

"बाही दिसून काय करायचंय, ताई? कापड तर एकाच ताग्यातलं आहे आपलं."

"कापड एका ताग्यातलं असेल. आपण नाही."

असं चाललेलं असताना अशाबी मुकाट्याने एक घडी घातलेलं फडकं थोरलीच्या खुर्चीवर ठेवायची. "बसा आई, ही खुर्ची जरा खोल आहे." थोरली बोटभर उंच व्हायची आणि तिच्या चेहऱ्यावरची आठी उतरायची. फोटो भिंतीवर लागला की तो वर्षानुवर्षं बोलत राहतो. नातवंडं त्यातून आजीचा मान वाचतात. ते एक बोट म्हणून फार मोलाचं होतं.

घरी गेल्यावर ती नवऱ्याला या बायकांच्या नकला करून दाखवायची. गानियु झग्यांवर भरतकाम करायचा. सुई न थांबवता हसायचा. दुसऱ्यांच्या घरचा मत्सर अशाबीने वैद्य ताप बघतो तसा बघितला होता. कपाळाला हात लावायचा, मग हात धुऊन टाकायचे.

तिचं नाव मात्र झालं ते जुळ्यांमुळे. तिथे जुळी फार जन्मतात, आणि त्यातलं एखादं फोटो निघायच्या आधीच जातं. जुळ्यांतलं एकच भिंतीवर लावणं बरं नाही, उरलेल्याचं मन लागत नाही. मग आया उरलेल्या लेकराला घेऊन अशाबीकडे यायच्या. ती कॅमेऱ्याच्या पोटात काळा पुठ्ठा सरकवून फोटो उमटायची काच अर्धी झाकायची आणि लेकराला डावीकडे बसवून फोटो घ्यायची. मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, लेकरू उजवीकडे, आणि पुन्हा एकदा. फोटोत दोन भावंडं शेजारीशेजारी. मधे फक्त एक पुसट उभी रेघ राहायची. ती रेघ सगळ्यांना माहीत होती. 'रेघेपलीकडचं' म्हटलं की कोण ते विचारायची गरज नसायची.

सिदिकात पहिल्यांदा दुकानात आली ती गिऱ्हाईक म्हणून. ईलोबू गावच्या कापडवाल्याची मुलगी, वीस-एकवीस वर्षांची. बसली, आणि अशाबीने कापडाखालून पाहिलं तर काचेवर उलटासुद्धा तो चेहरा सुंदर दिसत होता. असा फोटो दहा वर्षांतून एकदा निघतो. अशाबीने त्याची मोठी प्रत काढली आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावली. सहा महिने तो तिथे होता. गानियुचं दुकान तिथून चौथं. तो दिवसातून चारदा त्या काचेवरून जायचा.

एका संध्याकाळी त्याने सुई खाली ठेवली. "राशिदीच्या आई, एक बोलायचं होतं."

"बोला की. सुई खाली ठेवलीत, म्हणजे मोठंच काहीतरी असणार."

"घर मोठं आहे. तुला दुकान असतं. हाताखाली कुणी असलं तर…" तो अडखळला. "मुलगी चांगली आहे. तूच म्हणाली होतीस, तिच्या चेहऱ्यावर उजेड छान बसतो."

"उजेड बसतो म्हणाले होते. तुम्ही बसा असं नव्हतं म्हणाले."

पण लग्न झालं. अशाबीने रीतीप्रमाणे नवरीचे पाय उंबऱ्यावर धुतले, तिला हाताला धरून आत नेलं, पाहुण्यांना वाढलं. गाव मात्र गावच. भजीवाली गिऱ्हाइकांना सांगायची, "हिनं स्वतःच्या हातानं सवत धुऊन वाळत घातली हो काचेत!"

अशाबीने तो फोटो काढून तिथे एका टकल्या मौलवींचा लावला.

"तो फोटो कुठे गेला?" गानियुने विचारलं.

"आता खरी आहे ना घरात. दोन-दोन कशाला?"

सिदिकातच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि हेच अशाबीला सगळ्यात जास्त टोचायचं. रोज सकाळी ती गुडघे टेकून नमस्कार करायची. कोनफळ कुटून त्याचा गोळा असा मऊ करायची की गानियु बोटं चाटायचा. अशाबीच्या मुली तिच्याकडून वेण्या घालून घ्यायला लागल्या. भिंतीपलीकडून तिचं हसू ऐकू यायचं, आणि मग त्याचं. इतकी वर्षं त्याला हसवायचं काम आपलं होतं, असं अशाबीच्या मनात येऊन जायचं. दुकानात बायका एकमेकींना टोमणे मारू लागल्या की आता तिला हसू येत नसे. ती त्यांच्याकडे बघायची आणि विचारायची, "सवत येऊन किती वर्षं झाली?" थोरली सांगायची, सात. किंवा बारा. "मग? टोचायचं कमी होतं का?" थोरली तिच्याकडे बघून नुसतीच फडकं घातलेल्या खुर्चीवर बसायची.

बकरी ईद जवळ आली. दर वर्षी त्या सणाला गानियुच्या कुटुंबाचा फोटो निघायचा. एक प्रत बाहेरच्या खोलीत, एक इवो गावी त्याच्या आईकडे. अशाबी सगळ्यांना बसवायची, काच लावायची आणि मग जाऊन उजव्या खुर्चीवर बसायची. कॅमेऱ्याच्या डोळ्यावरची टोपी तेवढी लासिसीमामा काढायचा. पण त्या पावसाळ्यात मामा गेला होता. बाजारापलीकडे दुसरा एक फोटोवाला होता, पण त्याला बोलावणं म्हणजे सुगरणीने शेजारणीकडून ताट मागवण्यासारखं झालं असतं.

"मग या खेपेला तू कॅमेऱ्यामागेच राहा," गानियु म्हणाला. "सिदिकात बसेल माझ्या बाजूला. पुढच्या वर्षी बघू."

"कुठल्या बाजूला?"

"आता दोघंच असल्यावर उजवी काय नि डावी काय?"

"एकदा झग्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावून बघा. मग सांगा काय फरक पडतो ते."

त्याने सुई उचलली. अशाबीला मात्र त्या रात्रीपासून तो फोटो दिसायला लागला. मधे गानियु, शेजारी सिदिकात, आणि आपण नाहीच. इवोला सासू बघणार. उद्या आपल्या राशिदीची मुलं बघणार. कोणी म्हणणार नाही, की काढणारी कापडाखाली उभी होती.

सणाच्या आदल्या दिवशी तिने तोड काढली. काळा पुठ्ठा काढला. पहिल्या अर्ध्यात गानियु, त्याच्या डावीकडे सिदिकात, चटईवर पोरं. तो अर्धा तिने स्वतः घेतला. मग पुठ्ठा सरकवला, सगळ्यांना उठवलं, आणि नव्या निळ्या कापडाची घडी सावरत स्वतः उजव्या खुर्चीवर बसली. शेजारी गानियुची खुर्ची आता रिकामी होती. कॅमेऱ्यापाशी उभी राहिली सिदिकात.

"हे बघ नवरीबाई, टोपी काढायची, तीन मोजायचे, टोपी लावायची. पातेल्यावरचं झाकण काढतेस, तेवढंच."

"माझ्याकडून बिघडलं तर, थोरल्या आई?"

"बिघडवून बघ."

हे म्हणताना अशाबीची नजर सिदिकातवरून हलली नाही. सिदिकातने टोपी काढली. एक म्हटलं, त्या नजरेकडे बघितलं. दोन म्हटलं, पुन्हा बघितलं. तीन यायला फार वेळ लागला.

"तीन मोजलेस की तीस?"

"तीनच, आई."

त्या रात्री अंधाऱ्या खोलीत कागदावर चित्र उमटायला लागलं तेव्हा अशाबी थबकली. काचेवर जास्त वेळ उजेड पडल्याने तिची बाजू उजळ आली होती, वाजवीपेक्षा बरीच. डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या होत्या. गळ्याची शीर गेली होती. शेजारची सिदिकात तिच्यापुढे सावळी, साधी वाटत होती. कागदाची ती बाजू आणखी थोडा वेळ उजेडात धरली असती तर रंग जुळला असता. लोकांसाठी तिने ते शंभरदा केलं होतं. मधली रेघही पेन्सिलीने बुजवता आली असती. पण बुजवायला बसलं की रंगही जुळवावा लागला असता. अशाबी कागदाकडे बघत राहिली, आणि तो तसाच पाण्यात टाकला.

घरातली प्रत भिंतीवर गेली. गानियु म्हणाला, "तू किती तरुण दिसतेस गं."  दुसरी प्रत ट्रकवाल्याच्या हाती इवोला गेली.

चौथ्या दिवशी दुपारी अशाबी आत लाल दिव्याखाली फोटो धूत होती, आणि सिदिकात बाहेर पडदा झटकत होती. तेवढ्यात रस्त्यावर रडण्याचा आवाज आला आणि तो दुकानातच शिरला. इवोहून आलेली सासू, तिच्या दोन बहिणी, तिघीही अनवाणी, डोक्याची कापडं सुटलेली.

"कुठे आहे माझा मुलगा? माझी अशाबी गेली, आणि मला माती द्यायलासुद्धा बोलावलं नाहीत? फोटो पाठवलात?"

सिदिकात गुडघ्यांवर बसली. "आई, कोण गेलं?"

"ऐका गं! कोण गेलं म्हणून विचारते! रेघेपलीकडे बसवलीत माझ्या सुनेला, पांढरी फटक करून, आणि ही विचारते कोण गेलं! आणि स्वतः फोटोत कशी ताठ बसलीय बघा, कानात डूल घालून!"

"आई, त्या आत आहेत. देवाशपथ. जिवंत आहेत."

"मग बोलाव."

"थोरल्या आई!" सिदिकातने हाक मारली.

अशाबीने ओ द्यायला तोंड उघडलं. पण त्याच क्षणी सासूने सूर धरला होता. "निवडून जन्माला आलेली माझी अशाबी! तिच्या हातचा रस्सा खाल्ला की जीभ ताटलीतच राहायची गं! माझ्या मुलाचं घर तिनं उभं केलं! अशी सून बाजारात मिळते का कुठे?" गेल्या सोळा वर्षांत या बाईने त्या रश्शात मीठ नाहीतर मिरची, काही ना काही जास्तच काढलं होतं. अशाबीचे हात पाण्यात तसेच राहिले. अजून थोडं, तिला वाटलं. एवढं एक ऐकू दे.

"थोरल्या आई, ऐकताय ना?"

"बघितलंस? भिंतीला हाका मारतेय," एक मावशी म्हणाली.

"काय घातलंस तिच्या आंबिलीत?" दुसरीने विचारलं. "खरं सांग. वर्ष नाही झालं तुला येऊन!"

बाहेर माणसं गोळा व्हायला लागली होती. भजीवालीचा आवाज ऐकू आला, "अगोबाई, सकाळी तर बघितली होती." "सकाळी होती ना? आता कुठाय?" कोणीतरी म्हणालं. सिदिकातचा हुंदका फुटला. अशाबीला तो स्पष्ट ऐकू आला. कित्येक महिने तिला हाच आवाज ऐकायचा होता, आणि आता तो ऐकूनही ती हलली नाही.

मग सिदिकात ओरडली, "अशाबी!"

 धाकटीने थोरलीला नावाने हाक मारणं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. लाल पडदा सर्रकन बाजूला झाला आणि मेलेली बाई ओल्या हातांनी बाहेर आली.

"माझं नाव घेतेस?"

एक मावशी किंचाळून सरळ भजीवालीच्या कढईपर्यंत पळाली. सासू मात्र जागची हलली नाही. तिने अशाबीला नखशिखांत बघितलं, दंडाला चिमटा घेतला आणि तांब्या पुढे केला. "पाणी पी. सगळं पी." अशाबी घटाघट पाणी प्यायली. तेव्हा कुठे सासू खुर्चीवर कोसळली. "मेले, मेल्यांनो! मलाच मारणार होतात तुम्ही! आणि तू गं, एवढी मोठी फोटोवाली, रेघ कळत नाही तुला?"

त्या गडबडीत सिदिकात पडद्यामागे येऊन तोंड धूत होती. अशाबी तिच्याजवळ गेली.

"तुम्हाला ऐकू येत होतं," सिदिकात हलकेच म्हणाली.

"पाण्याचा आवाज होता."

"थाळीतल्या पाण्याला आवाज नसतो, थोरल्या आई."

 अशाबीने आपलं कोरडं फडकं तिच्यापुढे धरलं. सिदिकातने ते घेतलं नाही. स्वतःच्या नेसूच्या कापडाला तोंड पुसलं.

घरी गेल्यावर सासूने भिंतीवरची प्रत उतरवून चुलीत घातली. दुसरा फोटो काढल्याशिवाय आपण परत जाणार नाही, आणि तो एकाच दमात, रेघेवाचून निघाला पाहिजे, असं तिने बजावलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गानियुने पुन्हा तीच अडचण काढली, "पण टोपी कोण काढणार?"

"मी काढते," सिदिकात म्हणाली. ती आधीच कॅमेऱ्यापाशी जाऊन उभी होती. "तुम्ही बसा. मला नको फोटो."

उजवी खुर्ची मोकळी होती. शेजारी गानियु, चटईवर पोरं, आणि फोटोत सवत नाही. अशाबीला जे हवं होतं ते सगळं तिच्यासमोर मांडून ठेवलेलं होतं. ती खुर्चीपर्यंत गेली, पाठीवर हात ठेवला. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. टोपीवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या मुलीचे सुजलेले डोळे तिच्याकडे बघत होते. तीन मोजेपर्यंत त्या डोळ्यांसमोर बसायचं होतं.

"आई, तुम्ही या," ती सासूला म्हणाली. "ही जागा तुमची." तिने घडी घातलेलं फडकं खुर्चीवर ठेवलं, सासूला बसवलं. सिदिकातला दंडाला धरून डाव्या खुर्चीवर नेलं. आणि काळ्या कापडाखाली शिरली.

ही तिची लाज होती की हुशारी, ते तिने कधी सांगितलं नाही. उजवी खुर्ची सिदिकातलाही मिळाली नव्हती, एवढं खरं. पुढची अकरा वर्षं दर बकरी ईदेला अशाबी स्वतः ट्रकने इवोला जाऊन सासूला घेऊन यायची. म्हातारी गावभर सांगायची, "माझ्यावाचून सुनेचा फोटो निघत नाही!" आणि अशाबी मान हलवायची.

म्हातारी गेल्यावर दोघी सवतींत दोन दिवस भांडण झालं. शेवटी उजव्या खुर्चीवर एक वर्ष आड बसायचं आणि दुसरीने टोपी काढायची, असं ठरलं. तोवर सिदिकात टोपी काढायलाच काय, काच धुवायलाही शिकली होती. अशाबीनेच शिकवलं, चिडचिड करत, एक गोष्ट तीनदा सांगत. गिऱ्हाइकं धाकट्या बाईला मागू लागली तेव्हा अशाबीच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. "तिच्याकडे हसतात लोक," ती गानियुला म्हणायची, "माझ्याकडे नुसते बसतात." बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक वर्ष ही, एक वर्ष ती. दोघी एका काचेवर कधी आल्या नाहीत. राशिदीच्या मुलीने विचारलं होतं, आजोबांच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या का? दोघी एकदम म्हणाल्या, "बोलायला वेळ कुणाला होता?"

अशाबीच्या छातीत पाणी झालं तेव्हा दुकान सिदिकातच बघत होती. सकाळी फळ्या काढायच्या आधी ती मक्याची आंबील आणि गरम भजी घेऊन खाटेशी यायची. गानियु आता बहिरा झाला होता, बाहेरच्या ओट्यावर बसून खायचा. त्या गुरुवारीही ती आली. गुडघे टेकून नमस्कार केला, उशी सरळ केली, ताटली हातात दिली. संध्याकाळपर्यंत अशाबी नसेल असं त्या सकाळी कुणाला वाटलं नव्हतं. तिचा चेहराही बरा होता. तिने ताटलीत बघितलं, मग दारातून ओट्याकडे.

"त्यांना किती दिलीस?"

"चार."

"मग मला तीनच का?"